छताकडे बघणारे मीटर

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की लग्नाला गेलो तर माझ्याआधी ती मांडवात पोचलेली असते. कोणी म्हणायचा अवकाश, "अरे, ती गाडीची सांग ना!" की मी उभा. मग मी खटारा टॅक्सी होतो, मेकॅनिक होतो, बाबा होतो. लोक पोट धरून हसतात आणि मी बरोबर तिथेच थांबतो. पुढचा भाग मी कधी सांगत नाही.

टॅक्सी खरंच खटारा होती. मी आणि माझ्या एका दोस्ताने हौसेने घेतलेली. चिंचपोकळीला रुळांच्या कडेला दोस्ताच्या मामाचं गॅरेज होतं, तिथे ती चार ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. चाकं काढलेली, सीट शिवायला गेलेल्या, आणि डॅशबोर्ड इतका गंजलेला की बोट टेकवलं तर आरपार. मामा म्हणाला, "नवा पत्रा ठोक आणि मोकळा हो." पण मला हवा होता लाकडी डॅशबोर्ड. पॉलिश केलेला, गोल मीटरांची रांग असलेला. गाडीला इंजिन धड नव्हतं, पण माझा थाट बघा!

आणि सुतार तर घरातच होता. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. बाबा लालबागच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते, मागांचे लाकडी भाग बनवायचे, दुरुस्त करायचे. संपातही ते पाळीच्या वेळेला आंघोळ करून, भांग पाडून तयार व्हायचे आणि मग कुठेच जायचे नाहीत.

"बाबा, एक काम होतं," मी म्हणालो. कसलं ते ऐकायच्या आत ते उठले.

खाटेखाली बरीच वर्षं जपलेली सागवानी फळी बाहेर आली. मी कागदावर लांबी, रुंदी, मीटरांची भोकं असं सगळं काढून दिलं. ते म्हणाले, "माप दी. बाकी माका शिकव नको." मग कागद निरखत त्यांनी एकच गोष्ट विचारली, "बघणारो खय उभो रवतलो?"

"समोर. अगदी समोर," मी म्हणालो. मी चप्पल घालून निघालोच होतो.

पुढचे पंधरा दिवस गॅलरीत रंध्याचा आवाज. दोन स्टुलांवर फळी आडवी ठेवून बाबा कामाला लागले. शेजारचे येऊन विचारायचे, "काय, गाडीक देव्हारो करतास?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "झिलाची गाडी आसा." आई सांगायची की संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते दोन वेळा भात मागून घेताहेत.

एका रविवारी ते फळी जुन्या धोतरात गुंडाळून, खांद्यावर घेऊन स्वतः गॅरेजमध्ये आले. काय काम होतं ते! कुठे खिळा दिसत नव्हता. कडा अशा घासलेल्या की हात फिरवत राहावं. मामाने शीळ घातली. शेजारच्या गाळ्यांतले चार-पाच मेकॅनिक जमले. आम्ही फळी बसवली, त्यात मीटर बसवले, नव्या शिवलेल्या सीट आत टाकल्या. मी ऐटीत स्टिअरिंगसमोर बसलो.

आणि मला एकाही मीटरचा काटा दिसेना.

सगळे मीटर छताकडे बघत होते. बाबांनी प्रत्येक भोक तिरकं कोरलं होतं, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या अंदाजाने. सगळा जन्म मशीनपुढे उभं राहून काम केलेला माणूस; मशीन चालवणारा बसलेला असतो, हे त्याच्या मनात यावं कसं? आणि ती गाडी बघायला मी त्यांना एकदाही आणलं नव्हतं.

मला हे सगळं त्याच क्षणी कळलं. ते मी त्यांच्या कानात सांगू शकलो असतो. पण भोवती प्रेक्षक होते. मी गाडीतून उतरलो, छाती पुढे काढली आणि ओरडलो, "ही गाडी उभ्यानं चालवायची आहे! मामा, छताला भोक पाड, ड्रायव्हरचं डोकं बाहेर!" मग कमरेवर हात ठेवून, मान वाकवून, उभ्याने टॅक्सी हाकून दाखवली. भोंगासुद्धा वाजवला तोंडाने. गॅरेज हसून हसून लोळलं.

बाबाही हसले. थोडंसं. मग एका मीटरवर बोट ठेवून म्हणाले, "उद्या पाचर मारून सरळ करतंय. तासाभराचा काम."

दोस्त लगेच म्हणाला, "हो रे, होईल की."

मी अजून हशाच्या नशेत होतो. म्हणालो, "राहू दे हो बाबा, पत्राच ठोकू."

पुन्हा हशा. बाबांनी स्क्रू स्वतः काढले, मीटर एकेक करून माझ्या हातात दिले, फळी धोतरात गुंडाळली आणि लालबागकडे चालत निघाले. मी सोबत गेलो नाही. मामा म्हणत होता, "अजून एकदा करून दाखव रे."

गाडी पत्र्याच्या डॅशबोर्डवर वर्षभर रखडत चालली आणि मग भंगारात गेली. तिचं मला काही वाटलं नाही.

पण बाबांनी फळी परत नेली त्याच वर्षी, गणपतीच्या आधी, चाळीतले लोक दरवर्षीप्रमाणे बाबांना मखराचं सांगायला आले. मी आत शर्टाला इस्त्री करत होतो. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "यंदा दुसरो कोण तरी बघा. हात चालनत नाय."

हाताला काही झालेलं नव्हतं. सकाळीच त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरली होती, कागदासारखी पातळ. मंडळी घुटमळली. एकाने मला बाहेरून हाकही मारली, "अरे, सांग ना तू बाबांना!"

मी इस्त्री त्याच बाहीवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. शेवटी ती मंडळी जिना उतरून गेली.