जावयांचा ठराव आणि कुमुदताईंची घटना

प्रा. कुमुदताई आगटे यांनी पंचाहत्तरी गाठली. त्यांची माझी ओळख दोन हजार चारच्या सुमारास इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या माझ्या फार्मसीत झाली. लेकीकडे राहायला आलेल्या ताई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. "डॉक्टर लिहितात, तुम्ही देता. त्यांची चूक झाली तर पकडतं कोण?" मी म्हटले, "मीच." ताई खूश. "म्हणजे सत्ता एका हातात नाही. छान." अशी गिऱ्हाइके रोज येत नाहीत हो.

पुण्याच्या कॉलेजात ताईंनी आयुष्यभर अमेरिकेची राज्यघटना शिकवली. इथल्या आमच्या मराठी मंडळाची घटनाही त्यांनीच लिहिली आणि हॉलच्या किचनमध्ये बसवून आम्हाला समजावली. पोळ्या किती करायच्या ते एकाने ठरवायचे, लाटायच्या दुसऱ्याने, आणि कच्च्या असल्या तर परत पाठवायचा अधिकार तिसऱ्याचा. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ माझ्या डोक्यात शिरले ते तेव्हा. ताईंच्या स्वतःच्या पोळ्या वातड होत, आणि तसे सांगायची आम्हाला पूर्ण मुभा होती.

पुढे ताईंचेच जावई मिलिंद अध्यक्ष झाले आणि कार्यकारी समितीने ठराव केला: मुलांकडे येऊन राहणारे आईवडील हे पाहुणे, त्यांना मत नाही. ज्येष्ठ मंडळी हिरमुसली. दवाखान्यात जायलाही मुलांच्या गाडीची वाट पाहणाऱ्या या माणसांना मंडळात तरी कुणी विचारत होते. आता तेही गेले.

वाद तिघांच्या न्यायसमितीपुढे आला. त्यात ताई, हॉस्पिटलात नर्स असलेल्या वैशाली आणि मी. सगळ्यांची भिस्त ताईंवर, आणि ताईच उठल्या की! "मत माझं, ठराव जावयांचा, आणि निवाडाही मीच करू? मग इतकी वर्षं शिकवलं काय मी?" त्या समोर जाऊन साध्या सभासदासारखी बाजू मांडू लागल्या.

मिलिंद म्हणाले, "आई, आपण अमेरिकेत नाही. या देशात पार्लमेंटचा कायदा कोर्ट रद्द करत नाही."

"देशाचं देशाला लखलाभ, मिलिंदराव. आपल्या मंडळाची घटना लेखी आहे. सभासदाच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तिनं मत दिलंय. ती बदलायची तर सभेपुढे या, दोन तृतीयांश मतं मिळवा. समितीत बसून परस्पर बदलता येणार नाही."

घटनेविरुद्धचा कायदा न्यायालय रद्द करू शकते, हा अमेरिकेचा धडा आम्हाला ताईंनीच दिला होता. वैशालींनी आणि मी ठराव रद्द केला. निकाल मी वाचून दाखवला. अध्यक्ष आता काय करतात, याकडे सगळ्यांचे डोळे. मिलिंद उठले. "निकाल मान्य," एवढेच म्हणाले. हॉल टाळ्यांनी दणाणला. ताईंनी जावयांच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला भरून आले.

निवडणुकीला ज्येष्ठांच्या हाती मतपत्रिका मिलिंदरावांनी स्वतः दिल्या, आणि त्याच मतांवर ते पुन्हा निवडून आले. आपले मत कुणाला गेले, हे ताईंनी लेकीलाही सांगितलेले नाही.

ताईंना ठणठणीत प्रकृती आणि शंभरीपार आयुष्य लाभो. यंदा त्या स्वतः अध्यक्षपदाला उभ्या राहणार आहेत, जावयांच्या विरुद्ध. त्यांचा अर्ज मिलिंदरावांनीच भरून आणला.