मनगटानं उघडणारी तोटी

चतुराबाईनं धावडा गावच्या शिवारात जन्मभर कापूस वेचला, मिरच्या तोडल्या, विहिरीचं पाणी शेंदलं. दुसऱ्याच्या हातचं काम तिला पसंत पडत नसे. कुणी घासलेलं भांडं ती पुन्हा घासायची.

आता तिची बोटं आखडली होती, मूठ वळत नव्हती. जाफराबादला लेकाकडं राहायला आल्यावर न्हाणीतल्या गोल तोटीनं तिला जेरीस आणलं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तोटीवर पांढरा थर चढलेला. धडधाकट माणसालाही जोर लावावा लागे. आंघोळ असो, संडास असो, कुणाला तरी हाक मारायची. लेक अंगद प्रवासी जीपवर, सून शिवकन्या शिलाई मशीनवर. हाक मारायची लाज वाटून चतुराबाई पाणीच कमी प्यायला लागली. हे एकट्या शिवकन्येच्या ध्यानात आलं.

न्हाणी नवी करायचं ठरलं तेव्हा अंगद म्हणाला, "तोट्या अन् बेसिन मी घेऊन येतो."

"आत्याबाईबी येतील," शिवकन्या म्हणाली.

"माय काय करती दुकानात?"

"तुम्ही चप्पल घेता तव्हा माझा पाय नेता का?"

तिघं कारभारीच्या नळ-सामानाच्या दुकानात गेली. अंगदला सोनेरी कडेची, गोल मुठीची तोटी आवडली. कारभारीनं ती चतुराबाईपुढं धरली.

"बघा मावशी, कशी अलगद फिरती."

दुकानात चार माणसं होती. चतुराबाईनं दोन्ही तळव्यांत मूठ धरली, दात आवळले आणि फिरवली. फिरली. कळ पार दंडापर्यंत गेली.

"बराबर हाय. हीच घ्या."

घरात कशीही असली, तरी चारचौघांत पुढ्यात आलेल्या वस्तूला तिनं कधी नावं ठेवली नव्हती. पाहुण्याच्या घरी करपलेला भातही तिनं चांगला म्हणून खाल्ला होता. कारभारी तोटी खोक्यात घालू लागला.

"थांबा दादा," शिवकन्या म्हणाली. "जरा साबण अन् पाणी द्या."

"साबण? सासूला इथंच आंघोळ घालता का काय?"

"घरी साबणाच्या हातानंच उघडावी लागती ना? मंग इथंबी तशीच बघू."

साबण लावलेले तळवे मुठीवरून नुसते घसरले. चतुराबाईनं पुन्हा धरून पाहिलं. मग हात मागं घेतले.

"न्हाई फिरत गं. घरचीबी फिरत न्हाई."

अंगदचा चेहरा उतरला. "माय, मला सांगायचं न्हाई का?"

"सांगून? जीपमधली शीटं रस्त्यात उतरवून तोटी उघडायला येनार व्हता का?"

कारभारी खदखदून हसला. अंगदलाही हसू आवरेना. खोकं बाजूला सारून कारभारीनं लांब दांडीची तोटी काढली. चतुराबाईनं दांडीखाली मनगट घातलं आणि वर उचललं. साबण तसाच होता. दांडी वर गेली. कोपरानं दाबली, खाली आली. तिनं पुन्हा वर केली, पुन्हा दाबली.

"हिला बोटं लागतच न्हाईत की!"

"मोडसाल मावशी, दुकानातच," कारभारी म्हणाला. "पण खारं पाणी हिलाबी सोडनार न्हाई. अधूनमधून लिंबू चोळत जा."

"ते माझ्याकडं," शिवकन्या म्हणाली.

बेसिन खोलगट, पांढरं घेतलं. उथळात तोंड धुताना पाणी अंगावर सांडलं असतं. मिस्त्री ते नेहमीच्या उंचीवर बसवायला निघाला, तर शिवकन्येनं सासूला भिंतीपाशी उभं केलं आणि तिचे कोपर टेकतील तिथं कोळशानं रेघ मारली.

"लई खाली होतंय," मिस्त्री म्हणाला. "पाहुण्याला वाकावं लागंल."

"वाकतील. रोज थोडेच येतेत?"

न्हाणी तयार झाली. त्या सकाळी चतुराबाईनं आतून कडी लावली. शिवकन्या कान देऊन बाहेर उभी होती. पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. हाक आली नाही. ती मशीनवर जाऊन बसली.

उन्हं कलली तेव्हा ती उठली. न्हाणीत बादली काठोकाठ भरलेली.

"आत्याबाई, ही कुनी भरली?"

"मी." चतुराबाई टॉवेल घेऊन दारात उभी होती. "दिसभर वाकून शिवून राह्यलीस. जा, हातपाय धू."

शिवकन्या 'कशाला' म्हणणार होती. सासूच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाय पुढं केले. चतुराबाईनं दोन्ही तळव्यांत तांब्या दाबून धरला आणि थोडं सांडत, थोडं नेमकं, पाणी ओतलं.