तिसऱ्यांदा विचारतील की!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही घाम फुटतो. माणसं नोकरी मिळेना म्हणून रडतात. मी मिळालेली नोकरी, अगदी समोर ठेवलेली, स्वतःच्या तोंडानं परत केली. आणि वर खूश होऊन घरी आलो!

झालं काय, खजुरी गावातलं माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद पडून आठ महिने झाले होते. पोरीला जूनमध्ये शाळेत घालायचं होतं. बायको सुनंदा शिलाई मशीनवर घर ओढत होती आणि मला एका शब्दानं बोलत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटायची.

अशात कलबुर्गीच्या एका डाळमिलमधून मुलाखतीचं बोलावणं आलं. तुरीच्या खरेदीवर देखरेख करायला माणूस पाहिजे होता. लगेच आमचे दाजी, म्हणजे ताईचे नवरे, सल्ला द्यायला हजर! दाजींनी आयुष्यात अकरा मुलाखती दिल्यात. नोकऱ्या किती मिळाल्या ते विचारू नका.

"हे बघ, फाईल घे, झेरॉक्स दोन-दोन घे, अर्धा तास आधी पोच," दाजी म्हणाले. "पर मेन गोष्ट वेगळीच हाय. गरजू दिसायचं न्हाई! हावरेपणा दिसला की साहेब लोक किंमत करत न्हाईत. समजलास?"

"व्हय दाजी."

"लगेच व्हय कामून म्हणायलास? हेच तर सांगायलोय!"

हा सल्ला दुसऱ्या कुणाला दिला असता तर चाललं असतं. मला द्यायला नको होता. आमच्याकडची रीत काय? कुणी चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा 'कशाला उगं तरास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग कप हातात घ्यायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा अधाशी! लहानपणी मी एकदा शेजाऱ्यांच्या पहिल्याच बोलावण्याला शेंगदाण्याची शेंगापोळी खायला बसलो, तर घरी येईपर्यंत आई चिमटे काढत होती. तेव्हापासून पहिला 'हो' माझ्या तोंडातून निघतच नाही. सुनंदाला बघायला गेलो तेव्हा 'पोरगी पसंत हाय का?' यालासुद्धा मी 'राहू द्या' म्हणालो होतो. सासऱ्यांनी तीनदा विचारलं म्हणून आज संसार आहे.

मुलाखतीला मी अर्धा नाही, दीड तास आधी पोचलो. साहेब बेंगळुरूहून नवीनच आलेले. बोलणं हिंदीत चाललं होतं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"बसा."

"राहू द्या साब."

साहेबांनी पुन्हा काही म्हटलं नाही. मी उभाच!

"चहा घेणार?"

"नक्को साब."

"नक्की?"

"कायकू तकलीफ!"

साहेबांनी थर्मासचं झाकण लावलं आणि स्वतःचा चहा संपवला. तिथंच मला कळायला पाहिजे होतं की नाही? पण मला वाटलं, साहेब माझी परीक्षा घ्यायलेत!

मग त्यांनी तुरीच्या तीन वाट्या पुढे केल्या. इथं मात्र मी गडी तयार, लहानपणापासून तुरीच्या रानात वाढलेला. एकेक दाणा दाताखाली धरला. "साब, ही ओली आहे, दोन दिवस ऊन दाखवा. हिच्यात जुना माल मिसळलाय. ही तिसरी डोळे झाकून घ्या."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आम्हाला असाच माणूस पाहिजे. एक तारखेपासून येता?"

आतून माझा जीव 'व्हय, व्हय' ओरडत होता. पोरीची शाळा दिसली, सुनंदाचं मशीन दिसलं. आणि तोंडातून काय निघालं?

"नक्को साब, राहू द्या."

साहेब दचकलेच. "का? राहायला खोलीसुद्धा देऊ. विचार करा."

दुसऱ्यांदा विचारलं! मी मान खाली घालून लाजून हसलो. "कायकू उगीच तकलीफ, साब."

आता फक्त एकदाच विचारायचं बाकी! साहेबांनी पेन उचललं, माझ्या नावावर रेघ ओढली आणि म्हणाले, "ठीक आहे. आल्याबद्दल थँक्यू."

मी दारापर्यंत मुंगीच्या पावलानं गेलो. फाईलची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. हाक नाही. बाहेर अर्धा तास थांबलो, तेव्हा वॉचमन म्हणाला, "अण्णा, कुणाची वाट बघायलाव? साहेब मागच्या दारानं जेवायला गेले की!"

घरी आलो. सुनंदानं मशीनवरून मान न उचलता विचारलं, "काय झालं?"

"दोनदा विचारले! या म्हणाले!"

"मग?"

"दोन्ही बारी न्हाई म्हणालो."

मशीन थांबलं.

"आन् तिसऱ्या बारी?"

"फोनवर विचारतील की! वाटेत दाजी भेटले, ते पण म्हणाले, झकास केलास."

"अवं, ती नोकरी हाय, शेंगापोळी न्हाई!" सुनंदा ओरडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कुठं माझ्या पायाखालची जमीन सरकली. चार दिवस फोन हातातून सुटला नाही. आंघोळीलासुद्धा तो खिडकीत ठेवून गेलो. रेंज जाईल म्हणून जेवण गच्चीवर! कंपन्यांच्या जाहिरातींचे फोन येत होते, त्यांनासुद्धा मी 'नमस्कार साब' म्हणत होतो.

पाचव्या दिवशी सुनंदानं नंबर लावून फोन माझ्या कानाला चिकटवला.

"साब, मी खजुरीचा. त्या दिवशी नको म्हणालो, पण ते नको म्हणजे नको नव्हतं..." मी सगळी रीत सांगितली, चहापासून सासऱ्यांपर्यंत.

तिकडून साहेबांचं हसू ऐकू आलं. "जागा अजून रिकामीच आहे. तिसऱ्यांदा विचारतो. येता का?"

आता दिवस बदलला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते, हे त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक!

"राहू द्या सा..."

सुनंदानं फोन हिसकावला. "यायलेत साहेब! एक तारखेला यायलेत! मी त्यांची बायको बोलायलेय!"

झाली दोन वर्षं, त्याच मिलमध्ये आहे. फक्त साहेबांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे नंबर सुनंदाचा लिहून ठेवलाय. त्यांना मला काही विचारायचं असलं की तिलाच विचारतात. गेल्या महिन्यात तिनं माझी बढती स्वीकारली. मला संध्याकाळी जेवताना कळलं.