गढूळ पाण्यातले जीव

माझ्या संशोधनाचा विषय ऐकून घरात सगळे हसत. तिळाहून बारीक, झिंग्यांच्या भावकीतले जीव गढूळ पाण्यात काय खातात आणि किती अंडी घालतात, हे मी भातकुलीजवळच्या आमच्या शेततळ्यात मोजत होते. काळी माती पाण्यात सुटली की त्यांच्या पोटात शेवाळाऐवजी गाळच जातो. पोट टम्म, पण अंडी दोन-तीनच. मला त्यांची दया येई. भाऊ म्हणे, "किड्यायची डॉक्टर!"

दर रविवारी मी अमरावतीहून जाई. पाणी जाळीनं गाळून बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं, की आत नुसती पळापळ दिसे. त्या रविवारी काहीच हललं नाही. सगळे तळाशी पांढरे पडलेले. दुसऱ्या काठाचं पाणी घेतलं, तेच.

"फवारणीची बादली तळ्यात बुडवली का?" मी भावाला विचारलं.

"बुडवली काल. खंगाळून घेतली होती नं! काहून घाबरून राह्यली? किडेच तं मेले."

आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं. तळ्यातलं पावसाचं तेवढं गोड, म्हणून वहिनी त्यातच तुरटी फिरवून घागरी भरते. तुरटीनं माती खाली बसते, विष नाही.

आम्ही धावत घरी गेलो. आजचं पाणी कोण प्यालं, विचारलं.

"पोरगी. दोन गिलास," वहिनी म्हणाली. "काहून, काय झालं?"

सहा वर्षांची भाची ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

या जिवांना मारायला जेवढं विष पुरतं, तेवढ्यानं माणसाला सहसा काही होत नाही, हे मीच पानभर लिहून ठेवलंय. त्या पानाचा तेव्हा काडीचा उपयोग झाला नाही. मी भयंकर घाबरले होते. गाडीवर तिला मध्ये बसवून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली. "ठीक दिसते. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा," म्हणाले.

आम्ही लक्ष ठेवलं. ती नुसती खोकली तरी वहिनी उठून उभी राही.

दिवेलागणीला ती अंगणातून खेळून आली, घामाघूम.

"आई, पाणी दे नं."

घरात चार घागरी भरलेल्या होत्या. आमच्यातलं कोणीच जागचं हललं नाही.