सरळ केलेला खुंट

आमच्या गोल्फच्या मैदानाच्या कडेला, ऊस सुरू होतो तिथं, पांढरे खुंट रोवलेत. ती मैदानाची हद्द. दोन खुंटांच्या आतल्या अंगानं दोरी धरायची. चेंडू सगळाच्या सगळा दोरीपलीकडं असला तर तो बाद. मग एक फटका दंड, आणि जिथनं मारला तिथनंच परत मारायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. तिथं गवत काढता काढता कानावर पडत गेलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुकादमांनी मला खुंट रंगवायला बसवलं. तर एक खुंट उसाकडं सरकलेला. आता माझं माहेर गडमुडशिंगीचं, शेतकऱ्याचं घर. बांध वाकडा दिसला की कुणीतरी कोरलाय, असंच आमच्या मनात येतं. मी तो उपटला, ओळीत आणून ठोकला, जुनं भोक पायानं बुजवलं. छान दिसलं की हो!

दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यात एका डॉक्टरांचा चेंडू नेमका त्याच खुंटापाशी जाऊन बसला. पंचांनी दोरी धरली. चेंडू बोटभर बाहेर. डॉक्टर परत मारायला मागं फिरले. दंड माझ्यामुळं बसतोय हे मला एकटीलाच ठाऊक. मी बोलले तर काम जाणार. मुकादम शेजारीच उभे.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "त्यो खुंट म्या हलवलाय काल."

"का?" पंचांनी विचारलं.

"वाकडा हुता."

डॉक्टरांविरुद्ध शिरोलीचे एक फौंड्रीवाले साहेब खेळत होते. ते म्हणाले, "मावशी, आता पंच तुम्हीच व्हय?"

मुकादमांनी कपाळावर हात मारला. "अवं आक्का, हद्दच वाकडी हाय तिथं! सरळ करा म्हणून कुणी सांगितलंतं?"

मी खुरप्यानं माती उकरली. भोक लगेच सापडलं, उसाच्या बाजूला वीतभर. खुंट तिथं रोवला, दोरी पुन्हा धरली. चेंडू आत.

डॉक्टर परत आले, नीट नेम धरला आणि चेंडू थेट उसात घातला.

"ह्यो दंड मात्र माझाच बरं का, मावशी," म्हणाले.

काम काही गेलं नाही. यंदाही मुकादमांनी रंगाचा डबा माझ्याच हातात दिला. "रंगवायचं. उपटायचं न्हाय," एवढंच बोलले. तो एक खुंट अजून वाकडा दिसतो, हात शिवशिवतात. रंग देते आणि पुढच्याकडं सरकते.