जवसाच्या तेलानं गुदमरलेली मोटारसायकल

गाडी विकायची की ठेवायची, हे ठरवायला मी नागपूरहून दादाकडे सौंसरला निघाले. त्याची अट सरळ होती: सौंसरहून पांढुर्णा गाठून परत यायचं, वाटेत बंद पडली तर विकायची. माझी मोटारसायकल जुनी आहे. सभांत भाषणं करायला तिच्यावरून अख्खा विदर्भ फिरले आहे. वय झालं म्हणून माणसाला किंवा यंत्राला मोडीत काढणं मला मान्य नाही. आधी त्याला श्वास घेता येतो का ते पाहा.

रस्ता उत्तम आहे. सकाळी निघा, सावनेरला तर्री-पोहे खा. तीसेक रुपयांत पोट भरतं. पुढे कापसाच्या गाड्या लागतात, हवेत पुंजके उडतात. तिथून गाडी धापा टाकू लागली. सौंसर आलं तेव्हा जेमतेम चालत होती.

"मी म्हनलं होतं न, थकली थे," दादा अंगणातूनच म्हणाला. "इकून टाक."

मी एअर फिल्टर उघडला. फोम चिकट, कापसाच्या तंतूंनी गच्च. वास मात्र स्वयंपाकघरातला.

"दिवाळीत मीच तं तेल देल्लं होतं त्याले," दादा म्हणाला.

"कोणतं?"

दादा फिल्टरचं झाकण पुसू लागला. वहिनी दारातून म्हणाली, "जवसाचं न. तेलघानीवरून आनलं थेच वतलं यायनं. म्हने, बहिनीच्या गाडीले अस्सल पाहिजे."

धूळ धरायला फोमला इंजिन ऑइल लागतं; जवसाचं तेल वाळताना चिकट होऊन घट्ट बसतं. मुद्दा हाती आला की गप्प बसणं मला जमत नाही. पण दादाचा ओशाळलेला चेहरा पाहिला आणि फक्त रॉकेल मागितलं.

जेवण होईपर्यंत फोम रॉकेलमध्ये भिजवला. मग साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुतला. पिळला की फाटतो. सावलीत वाळवला. थोडं नवं इंजिन ऑइल सगळीकडे मुरवून जास्तीचं दाबून काढलं. फोम ओलसर हवा, निथळता नको.

दुसऱ्या दिवशी दादा मागे बसला. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेतलं.

"एवढी हळू कावून चालवून राहिली?"

"अटीत वेग नव्हता, दादा."

पांढुर्ण्यात जाम नदीच्या पुलाजवळ चहा घेतला. पलीकडे सावरगाव. "सुपारी आनतो" म्हणून दादा बराच वेळ गायब झाला. परतताना गाडी एकदाही अडखळली नाही. तोही विकण्याबद्दल बोलला नाही, मीही नाही.

नागपूरला येऊन, निघताना दादानं दिलेल्या पिशवीतली संत्री काढली. तळाशी कापसात गुंडाळलेली इंजिन ऑइलची सीलबंद बाटली होती. गाडी विक म्हणणारा माणूस तेल बांधून देत नाही.