काळ्या वायरचा तुकडा

खांबावर दिवा लावून खाली उतरले की नाना काळ्या वायरचा वीतभर तुकडा जमिनीवर टाकायचे, दहा पावलं मागे जायचे आणि जवळ असेल त्याला विचारायचे, "दखास का?" दिसतो म्हटलं की शिडी खांद्यावर. नाही म्हटलं तर पुन्हा वर. असे चिवट वायरमन तुम्हीही पाहिले असतील, पण नानांचं कारण अख्ख्या साक्रीला ठाऊक होतं. त्यांच्याच उंबऱ्याशी, अंधारात, त्यांच्या बायकोचा पाय सापावर पडला होता. ती गेली आणि मग गल्लीत खांब आला.

गल्लीच्या एका बाजूला नानांचं घर, दुसऱ्या बाजूला आमच्या शाळेचं मैदान. त्या हिवाळ्यात धूमकेतू दिसणार होता आणि नेमका हाच दिवा आमच्या डोळ्यांत घुसायचा. आम्ही नववीची पोरं. सावलीवरून खांबाची उंची काढली, गल्लीची रुंदी मोजली, कोनमापकाने कोन बसवला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला टोपी केली.

"दिवाले टोपी?" नाना हसले. "त्याले काय थंडी वाजस का रे?"

पण चढवली. मैदान काळंभोर झालं, आम्ही टाळ्या पिटल्या. नानांनी तुकडा टाकला तो स्वतःच्या उंबऱ्यावर.

"दखास का?"

दिसत नव्हता. आम्ही रुंदी गटारापर्यंतच मोजली होती. पलीकडचा ओटा आणि उंबरा आमच्या गणितात नव्हताच. टोपी काढून नानांनी आमच्या हातात दिली. मला त्याची आजही लाज वाटते.

मग आम्ही पुन्हा मापं घेतली, या वेळी उंबऱ्यापासून. टोपीची मैदानाकडची कड लांब ठेवली, घराकडची आखूड. आतला पत्रा राखेने घासून लख्ख केला. वर वाया जाणारा उजेड खाली आला आणि तुकडा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसला. नाना त्याच्याकडे बघत राहिले.

"पोरहो, आभायले उजेड कसाले?" त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवला. "आठे जोयजे."

पुढे गावातल्या बऱ्याच दिव्यांना त्यांनी स्वतः टोप्या बसवल्या. धूमकेतू अंधुकच दिसला, पण नाना आमच्यात उभं राहून तो बघत होते.

मी धुळ्याला नोकरीत असताना ते गेल्याचं कळलं. मी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराला कुलूप होतं. टोपी बाहेरून गंजली होती, पण जागेवर होती. ओट्याच्या कोनाड्यात वायरचा तुकडा सापडला. तो उंबऱ्यावर ठेवून मी दहा पावलं मागे गेलो.

"दखास, नाना," मी म्हणालो.